भरावभूमीच्या फाटकावर: कोणती गाडी आत, कोणती परत

नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक म्हणून नुकतेच रुजू झाला असाल, किंवा ठेकेदाराने तुम्हाला वजनकाट्यावर सुपरवायझर म्हणून बसवलं असेल, तर पहिले काही आठवडे एकच प्रश्न छळतो. समोर उभी असलेली ही गाडी आत घ्यायची की नाही? ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मागे चार गाड्या लागल्यात, साहेबांचा फोन लागत नाही. त्या पाच मिनिटांसाठी हा लेख आहे. काट्यावर काही वर्षं काढली, चुकाही भरपूर केल्या, त्यातून जे उरलं ते सांगतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. गावात सगळ्यालाच 'डेपो' म्हणतात, पण डेपोच्या आवारात खरं तर तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, वर्षानुवर्षं साचलेला जुना ढीग. दुसरी, प्रक्रिया केंद्र, म्हणजे जिथे ओल्याचं खत होतं आणि सुक्याची छाननी होते. तिसरी, शास्त्रोक्त भरावभूमी, म्हणजे तळाला अस्तर घातलेला, कचरा कायमचा पुरायचा खड्डा. ड्रायव्हरला तिन्ही सारखेच, कारण त्याला गाडी रिकामी करायची असते. तुम्हाला सारखे असून चालणार नाहीत. गाडी डेपोत घेणं वेगळं आणि भरावभूमीच्या खड्ड्यात उतरवणं वेगळं.

हा खड्डा महागडा असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतल्या मापांप्रमाणे त्याच्या तळाला ९० सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटरचं एचडीपीईचं, म्हणजे जाड प्लास्टिकचं, अस्तर हवं. पावसाळ्यात भूजलाची पातळी सगळ्यात वर येते तेव्हाही ती मातीच्या तळापासून किमान दोन मीटर खाली राहायला हवी. अस्तराच्या वर लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, गोळा करायचे पाइप. जागा नदीपासून १०० मीटर, तळं, वस्ती, हमरस्ता आणि पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर लांब. इतक्या अटींत बसणारी जमीन एका तालुक्याला मिळणं मुश्कील, म्हणून ५० किलोमीटरच्या टापूतल्या गावांनी खर्च वाटून घेऊन एकच प्रादेशिक भरावभूमी करावी, अशी सोय त्याच नियमांत होती. तुमच्या फाटकावर तीन-चार नगरपरिषदांच्या गाड्या येत असतील तर त्या यामुळेच. खड्डा वीस-पंचवीस वर्षं पुरावा असा हिशेब असतो. मिश्र कचरा बिनधास्त आत घेतला तर तो त्याच्या निम्म्या काळातही भरू शकतो. मग पुढची जागा शोधायला कोणत्या गावात जाणार? २०१८ मध्ये औरंगाबादेत नारेगावच्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि शहरभर कचरा साचला, ते अनेकांना आठवत असेल.

पहिली पायरी: परवानगीचा कागद वाचा

रुजू झाल्याच्या दिवशीच प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेलं प्राधिकारपत्र मागून घ्या आणि त्याची प्रत काट्याच्या खोलीत लावा. कोणत्या गावांचा कचरा, कोणत्या प्रकारचा, रोज किती टन, ते त्यात लिहिलेलं असतं. 'आमच्या वेळेपासून घेतच आलोय' हा कागद नव्हे.

नियमाचा गाभा थोडक्यात असा: जे वापरता येत नाही, पुन्हा करता येत नाही, कुजत नाही, जळत नाही आणि कशाशी प्रतिक्रिया करत नाही, असा जड-निर्जीव कचरा, आणि प्रक्रिया केंद्रातून उरलेला गाळसाळ, एवढंच भरावभूमीत. शिवाय ज्याचं उष्मांकमूल्य, म्हणजे जाळल्यावर मिळणारी उष्णता, किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त, ते पुरायचं नाही, इंधन म्हणून पाठवायचं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी घरातच चार भाग करायला सांगितलं आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (औषधं, ट्यूबलाइट, रंगाचे डबे वगैरे). त्यात आणखी एक कळीची गोष्ट आहे. वर्गीकरण न करता कचरा भरावभूमीत पाठवणाऱ्या संस्थेला इतकं शुल्क लावायचं, की कचरा वेगळा करून, वाहून नेऊन, त्यावर प्रक्रिया करणंच स्वस्त पडावं. म्हणजे तुमच्या काट्याच्या पावतीवर आता खरोखर पैसे अवलंबून आहेत. फाटकावर दबावही त्या प्रमाणात येईल, याची तयारी ठेवा.

दुसरी पायरी: काटा

भरलेली गाडी तोला, रिकामी गाडी पुन्हा तोला. एकदा घेतलेलं रिकाम्या गाडीचं वजन वर्षभर वापरू नका. डिझेल, हौद्याला चिकटलेला चिखल, बदललेले टायर यांनी आकडा हलतो.

वजन आणि आकारमान यांचा मेळ बघायची सवय लावा. हौदा काठोकाठ भरलाय आणि वजन अगदीच कमी? आत प्लास्टिक-थर्माकोल आहे. अर्धाच भरलाय आणि काटा भलताच चढलाय? खाली माती किंवा राडारोडा, वर शोभेपुरता कचरा. जिथे ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात तिथे हा खेळ होतोच. पाणी मारून वजन वाढवणारेही भेटतील. उन्हाळ्यात मात्र एक सूट द्या: आंब्याच्या दिवसांत ओला कचरा खरोखरच जड येतो, तेव्हा लगेच चोरीचा संशय नको. अर्थात तो ओला कचरा भरावभूमीत येताच कामा नये, हा भाग वेगळा.

पावतीवर गाडीचा नंबर, गाव, वेळ, निव्वळ वजन आणि मालाचा प्रकार, एवढं तरी हवंच. प्रकाराच्या रकान्यात नुसतं 'कचरा' लिहू नका. तो रकाना त्यासाठी नाही.

तिसरी पायरी: रिकामी करून बघा

वरून ताडपत्री उचलून बघितलेलं काही खरं नसतं. खड्ड्याच्या अलीकडे सिमेंटचा एक ओटा असावा, तिथे माल पसरून बघायचा. प्रत्येक गाडी पसरणं जमणार नाही हे मान्य. पण नवी गाडी, नवा ड्रायव्हर, खासगी गाडी, आणि ज्या गावाच्या गाडीत मागे एकदा भलतंच सापडलंय ती, या नेहमी. बाकीच्यांतली रोज एक-दोन, कोणती ते आधी न सांगता.

हातात काठी, पायात जाड तळाचे बूट, हातमोजे, आणि वारा आपल्या पाठीकडून मालाकडे जाईल असं उभं राहायचं. वाफ निघतेय का, धूर आहे का, खालून काही गळतंय का, डोळे चुरचुरतात का. हाताने काही उपसायचं नाही. सुया कुठे असतील सांगता येत नाही.

आता मनात चार प्रश्न विचारा. हे कुजेल का? हे जळेल का? यातून काही पाझरून पाण्यात जाईल का? हे कोणी विकत घेईल का, निदान फुकट तरी नेईल का? चारही उत्तरं 'नाही' आली तर गाडी आत. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर माल खड्ड्याचा नाही, दुसऱ्या कुठल्या तरी जागेचा आहे. आमचा जुना मुकादम याला 'मेलेला कचरा' आणि 'जिवंत कचरा' म्हणायचा. पुरायचं ते मेलेलं, जिवंत पुरलं की ते आतून उठतं. त्याचं विज्ञान साधं आहे. ओला कचरा हवाबंद दाबला की कुजताना मिथेन सुटतो, आणि हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन झाला की ठिणगीची वाट असते. म्हणून तर जागेवरच्या हवेत मिथेन त्या पाच टक्क्यांच्या पाव हिश्श्याच्या, म्हणजे सव्वा टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. ढीग कुजून खचतो तसं वरचं आच्छादन फाटतं, त्यातून पाऊस आत जातो आणि लिचेट वाढतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या ढिगाला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. देवनार १९२७ पासून चाललंय, त्याच्या पोटात किती जिवंत कचरा आहे याचा विचार करा.

चौथी पायरी: मालाप्रमाणे निर्णय

खत प्रकल्पाचा रिजेक्ट हा भरावभूमीचा सगळ्यात हक्काचा माल. ट्रॉमेलच्या, म्हणजे फिरत्या चाळणीच्या, जाळीतून गाळल्यावर उरलेले दगड, काचेचा चुरा, वाळू, कपबशांचे तुकडे. पण रिजेक्ट म्हटलं की डोळे मिटून घ्यायचं नाही. मोठ्या जाळीवर अडकलेला जो माल असतो त्यात चिंध्या, पिशव्या, वेफर्सची पाकिटं असतात. तोही 'रिजेक्ट' म्हणूनच येतो, आणि तो जळतो. त्याचे गठ्ठे करून आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचं इंधन, म्हणून सिमेंटच्या भट्टीत जायला हवेत. गोव्यात खपत नसलेला सुका कचरा अशाच गठ्ठ्यांनी कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातो. मूठभर रिजेक्ट पाण्याच्या बादलीत टाकून बघा: तळाला बसलं ते तुमचं, बरंच काही तरंगलं तर गाडी छाननीला परत. ही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण ड्रायव्हरशी वाद घालण्यापेक्षा बादली दाखवणं सोपं जातं.

रस्त्याच्या झाडलोटीची धूळ-माती चालते. त्यातला पालापाचोळा वेगळा करून खताला. गटार-नाल्यांचा गाळ मे महिन्यात एकदम येतो आणि पाणी गळत येतो. ओला गाळ खड्ड्यात घेऊ नका, आधी नाल्याकाठी किंवा वेगळ्या वाफ्यावर वाळू द्या. त्यातल्या पिशव्या काढा. आणि तो नाला एखाद्या औद्योगिक वसाहतीतून येत असेल तर गाळ तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका.

राडारोड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त वाद यावरच होतात. विटा, काँक्रीट, प्लास्टर, टाइल्स हे सगळं निर्जीव, म्हणजे चार प्रश्नांतले पहिले तीन पास. अडतं चौथ्यावर. बांधकामाच्या राडारोड्याचे नियम वेगळे आहेत, आणि तो दळून त्यातून खडी, वाळू, पेव्हर ब्लॉक होतात. एवढ्या महागड्या अस्तराच्या खड्ड्यात विटा भरणं म्हणजे पैठणीची पिशवी करून तिच्यात कोळसा भरण्यासारखं आहे. तरीही स्वच्छ राडारोडा फाटकावरून हाकलू नका. रोज संध्याकाळी कचऱ्यावर टाकायचं आच्छादन आणि आतले कच्चे रस्ते, या दोन्हींसाठी तो लागतो. बाजूला वेगळा ढीग करा, वजन वेगळ्या रकान्यात लिहा. अट एकच: त्यात लाकूड, वायरी, रंगाचे डबे, जिप्समचे बोर्ड मिसळलेले नसावेत. जिप्सम ओल्या कचऱ्याशेजारी पडलं की सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि हा वायू जास्त झाला तर माणूस आडवा होतो. जुने सिमेंटचे पत्रे आले तर थांबा. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यावर डोझर चालवू नका, फोडू नका, पाण्याने भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा आणि मंडळाच्या अधिकाऱ्याला विचारा.

शहाळी, नारळाच्या करवंट्या, उसाची चिपाडं: कुजायला वेळ लागतो म्हणून लोकांना ती मेलेली वाटतात. नाहीत. श्रेडरमधून, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रातून, काढून खताला. निर्माल्याचंही तेच, गणपतीचे दहा दिवस त्याच्यासाठी वेगळी गाडीच लावा.

गाद्या, उशा, चपला, रेक्झिन इंधनाला. टायर अजिबात नको. पुरले तरी ते कचऱ्यातून हळूहळू वर येतात, आणि उघडे राहिले की पाणी साठून डासांची पैदास. टायर उत्पादकांवर ते परत घेण्याची जबाबदारी टाकलेली आहे, तो रस्ता धरा.

राखेबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. हॉटेलच्या भट्टीची राख, वरून करडी, थंड दिसणारी, मी 'निर्जीव' म्हणून आत सोडली. आत निखारे होते. रात्री अकराला कोपरा पेटला, आणि टँकर येईपर्यंत आम्ही जेसीबीने माती ओढत होतो. तेव्हापासून नियम केला: राख आली की एक दिवस वेगळी पसरून ठेवायची, पाणी मारायचं, मगच हलवायची. कारखान्याच्या बॉयलरची राख तर घ्यायचीच नाही, ती नगरपरिषदेचा कचरा नव्हेच.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे गुंडाळून, खूण करून यायला हवेत. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, ती कुठल्याही गावात चालेल. अशा पुड्या जाळणभट्टीकडे जाव्यात. सुक्या कचऱ्यात मोकळे पॅड आले, तर ते उघडून वेगळे करणाऱ्या बाईचे हात डोळ्यांसमोर आणा आणि त्या गावाच्या आरोग्य विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा.

दवाखान्याचा कचरा एक पिशवीही नाही. पिवळी किंवा लाल पिशवी, निळ्या खुणेचा खोका किंवा सुयांचा पांढरा डबा दिसला की गाडी जागेवर थांबवायची. तो सामायिक जैववैद्यकीय प्रक्रिया केंद्राचा माल आहे, आणि पिशव्यांवर बारकोड असतो, त्यावरून दवाखाना सापडतो. बारकोडचा फोटो आधी काढा, बाकीची बोलणी नंतर. घरून येणाऱ्या इन्सुलिनच्या सुया, मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, पारा असलेले थर्मामीटर, कीटकनाशकांचे आणि रंगाचे डबे हा घरगुती घातक कचरा. त्यासाठी शहरात दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं, असं २०१६ च्याच नियमांत होतं. तुमच्या गावात ते कुठे आहे हे माहीत करून घ्या, नसेल तर साहेबांना विचारत राहा.

ई-कचरा आणि बॅटऱ्या यांचे नियम वेगळे, दोन्ही २०२२ चे, जबाबदारी उत्पादकांची. मोबाइलच्या लिथियम बॅटऱ्यांबाबत मात्र जपा. कॉम्पॅक्टरच्या, म्हणजे कचरा दाबणाऱ्या गाडीच्या, दाबाखाली त्या फुटतात आणि गाडीतच आग लागते.

कारखान्याचा घातक कचरा, म्हणजे रंगाचा गाळ, तेलाच्या चिंध्या, रसायनाचे पिंप, कितीही थोडा असला तरी नाही. त्याच्यासोबत मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठून कुठे चाललाय त्याचा कागद, असतो आणि तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या खास केंद्रांत जातो, गोव्यात पिसुर्ल्याला. रात्री उशिरा, नंबरप्लेट चिखलाने माखलेली, ओळखीच्या माणसाचा फोन आधी आलेला, अशी गाडी आली तर तिच्यात बहुधा हेच असतं.

मैल्याचा टँकर भरावभूमीत रिकामा होता कामा नये, पातळ काहीच नको. वाई आणि सिन्नरसारख्या गावांनी मैल्यासाठी वेगळी प्रक्रिया केंद्रं उभारली आहेत. मेलेल्या जनावरांसाठीही नगरपरिषदेची वेगळी सोय असते, तिकडेच पाठवा.

पाचवी पायरी: नाकारायचं कसं

इथे नवी माणसं हमखास चुकतात. गाडी नाकारली, फाटक लावलं, सुटलो असं वाटतं. ती गाडी मग दोन किलोमीटरवरच्या ओढ्यात रिकामी होते, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या विहिरीचं पाणी पिणारे लोक तुमच्याच फाटकावर येतात. म्हणून माल दोन प्रकारचा समजा. नुसता चुकीच्या जागी आलेला माल, म्हणजे ओला, सुका, पालापाचोळा: त्याला आवारातच योग्य ठिकाणी पाठवा, फरक पावतीवर लिहा, त्या गावाला दंड लावायचा असेल तो लागू दे. घातक माल: गाडी परत रस्त्यावर सोडू नका. बाजूला उभी करा, किल्ली काट्यावर जमा, फोटो, आणि वरिष्ठांना व मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन. ड्रायव्हरवर ओरडू नका. तो बिचारा सांगितलेली फेरी मारतोय, आणि नीट विचारलं तर माल कुठून भरला ते तोच सांगतो. चहा पाजल्यावर तर नक्की.

नकाराची वेगळी नोंदवही ठेवा. तारीख, गाडी, गाव, काय सापडलं, कुठे पाठवलं. बैठकीत एखादा नगराध्यक्ष 'आमच्याच गाड्या अडवतात' म्हणाला की तीच वही पुढे करायची.

सहावी पायरी: संध्याकाळ आणि पावसाळा

दिवसभरात उतरलेला माल पातळ थरात पसरून दाबायचा, आणि काम थांबताना त्यावर किमान दहा सेंटिमीटर माती किंवा बारीक राडारोडा. त्याने माश्या, कुत्री, उडणारा कागद, आग हे सगळं आवरतं. पावसाळ्याआधी चालू भागावर ४० ते ६५ सेंटिमीटरचं जाड मधलं आच्छादन, उतार असा की पाणी बाहेर जाईल. माती मे महिन्याच्या आधीच आणून ठेवा, जूनमध्ये डंपर खड्ड्यापर्यंत पोचत नाही.

पावसाळ्यात चालू ठेवायचा तुकडा छोटा आणि रस्त्याजवळचा निवडा. लिचेटच्या टाकीची पातळी रोज सकाळी काठीने मोजून वहीत लिहा. पाऊस नसताना पातळी चढायला लागली, तर मागच्या पंधरा दिवसांच्या पावत्या काढून बघा, कोणत्या तरी गावाचा ओला कचरा 'रिजेक्ट' म्हणून आत आलेला असतो.